आपल्या माणसाचे प्रमाण

‘मायेचा हात’ या घरपोच शुश्रूषा संस्थेच्या विम्याचे दरवर्षी नूतनीकरण होत असे, आणि तो कागद कोणीच वाचत नसल्यामुळे तो उत्तम विमा समजला जाई. संस्थेचे काम सरळ होते. ज्यांच्या घरात म्हातारे किंवा आजारी माणूस आहे, आणि ज्यांचे त्या माणसावर फार प्रेम आहे पण वेळेची ओढाताण आहे, अशांच्या घरी संस्था एक बाई पाठवी. बाई त्या माणसाला न्हाऊमाखू घाली, औषध देई, चालवी, आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन आपल्या माणसांचे तेच करी. अशा बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. मावशी म्हटले की नाते लागते आणि जादा वेळेचे पैसे लागत नाहीत.

संस्थेच्या माहितीपत्रकावर एक हसरी आजी होती. तिच्या खांद्यावर एक हात होता. हाताचा मालक चित्राच्या बाहेर राहिला होता. खाली लिहिले होते, ‘आपल्या माणसासारखी काळजी.’ हे वाक्य संचालिकाबाईंना अंघोळ करताना सुचले होते आणि सारी संस्था त्यावर चालली होती. लोक ते वाचून गहिवरत आणि डोळे पुसायच्या आत सही करत.

मग एका घरात एक आजीबाई घसरून पडल्या. त्यांची मावशी त्या वेळी मोबाईलवर बोलत होती. आजींच्या मुलाने दावा ठोकला, की आपल्या माणसासारख्या काळजीचे वचन देऊन संस्थेने आमची घोर फसवणूक केली. विमा कंपनीच्या वकिलाने त्याला एकच प्रश्न विचारला, "आई पडल्या तेव्हा आपण कुठे होतात?" मुलगा शेजारच्या खोलीत होता आणि मोबाईलवर बोलत होता. वकिलाने न्यायाधीशांकडे पाहून नुसते हात पसरले. मावशीची काळजी तंतोतंत आपल्या माणसासारखीच निघाली. दावा फेटाळला गेला आणि संचालिकाबाईंनी कचेरीत सर्वांना आइस्क्रीम दिले.

विमा कंपनी मात्र आइस्क्रीमने विरघळणाऱ्यांतली नव्हती. तिने आपला जोखीम अधिकारी संस्थेत धाडला. हा एक बारीक, नीटनेटका गृहस्थ होता. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणे ही टाळता येण्याजोगी जोखीम असल्यामुळे तो स्वतःचे घडीचे स्टूल काखेत घेऊन फिरे. त्याने ते उघडले, हलवून पाहिले आणि त्यावर बसला.

"बाई, तुमच्या त्या वाक्यानं आपल्याला वाचवलं," तो म्हणाला. "आता त्याचं प्रमाण ठरवायला हवं."

"कशाचं प्रमाण?"

"आपल्या माणसाचं. आपला माणूस नेमकं किती करतो? किती वेळा विचारतो, किती वेळ बसतो, हात लावतो की नाही? ते ठरलं, की तुमच्या मावश्यांनी तेवढं करायचं. मग कोणाची टाप नाही दावा लावायची."

"अहो, त्याची काळजीच नको," संचालिकाबाई अभिमानाने म्हणाल्या. "आमच्या मावश्या घरच्यांपेक्षा कितीतरी जास्त करतात."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. "जास्त?"

"म्हणजे पुष्कळच जास्त."

"आणि हे तुम्ही मला इतक्या सहज सांगताय? जेवढं वचन, तेवढा विमा. वचनाच्या वर केलेली माया ही विनाविमा माया झाली, बाई. त्यात उद्या कोणी पडलं, कोणाला ठसका लागला, तर आम्ही एक पैसा देणार नाही. तुम्ही इतकी वर्षं उघड्यावर बसला आहात."

आपण इतकी वर्षे उघड्यावर बसलो आहोत हे ऐकून संचालिकाबाईंना हुडहुडी भरली. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि प्रमाण ठरवायला संमती दिली.

प्रमाणासाठी एक नमुन्याचे घर हवे होते. अधिकाऱ्याने मुद्दाम चांगले घर निवडले. वाईट माणसांचे घर घेतले असते तर प्रमाण फारच खाली गेले असते आणि लोकांना बोलायला जागा झाली असती. निवडलेले घर तात्यांचे होते. तात्या म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. उभी हयात त्यांनी धावत्या बसमध्ये काही न धरता काढली, आणि गेल्या वर्षी स्वतःच्या न्हाणीघरात, स्थिर जमिनीवर, पडून खुब्याचे हाड मोडून घेतले. त्यांचे चिरंजीव एका मोठ्या कंपनीत लोकांना वेळेचे नियोजन शिकवत. सूनबाई एका शाळेत समुपदेशक होत्या आणि आठवड्यातून एक तास मुलांना ‘आजी-आजोबांशी संवाद’ हा विषय शिकवत. माणसे खरोखर चांगली होती. तात्यांच्या खोलीत त्यांनी भला मोठा टीव्ही लावून दिला होता, जेणेकरून तात्यांशी कोणीतरी सतत बोलत राहावे.

हाड जुळले होते. डॉक्टर म्हणाले होते, "रोज चालवा. चालले तर जिना उतरतील. बसले तर मग बसलेच." तात्यांना जिना उतरायचाच होता. ते तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली फाटकाशी एक बाक. त्या बाकावर रोज संध्याकाळी निवृत्त पोस्टमास्तर येऊन बसत. पोस्टमास्तरांना जिना चढवत नव्हता, तात्यांना उतरवत नव्हता. इमारतीला लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टसाठीचा खड्डा होता आणि त्यावर ‘लवकरच’ असा फलक होता. तेव्हा या जन्मात पोस्टमास्तरांशेजारी बसायचे तर पायांनीच जायला हवे होते.

त्यांची मावशी काही देवमाणूस नव्हती. चहात साखर कमी पडली की दिवसभर फुरंगटून बसे, आणि मालिका लागली की तात्यांच्या टीव्हीवर स्वतःचाच हक्क सांगे. पण चालायची वेळ झाली की ती तात्यांचे कोपर पकडून ओरडे, "पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी करू नका!" आणि तात्या हसत हसत उठत. असे करत ते खोलीतून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून दारात आणि दारातून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचले होते. पाहणीसाठी मावशीला आठवडाभर रजा दिली गेली तेव्हा ती म्हणाली, "बघा हं, मी येईपर्यंत दोन पायऱ्या तरी वाढवा."

जोखीम अधिकारी तात्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसला. तो कशासाठी आला आहे हे घरच्यांना सांगितलेले होते, त्यामुळे त्या आठवड्यात त्यांनी नेहमीपेक्षा थोडे जास्तच केले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. चिरंजीव रोज सकाळी दारात थांबून "काय तात्या, बरं आहे ना?" असे विचारत. एरवी ते चालता चालता विचारत. तात्या घसा साफ करून "गुडघा जरा..." एवढे म्हणेपर्यंत चिरंजीव जिन्यावर असत. सूनबाई ताट झाकून तिपाईवर ठेवत आणि "गरम आहे तोवर खाऊन घ्या हं" असे प्रेमाने सांगत. चमचा तिपाईवरून घरंगळून पलंगाखाली गेला, हे त्यांना संध्याकाळी समजले. रात्री चिरंजीव मोबाईलवर बोट फिरवत दारात येत आणि म्हणत, "चालायला पाहिजे हं तात्या. असं बसून कसं चालेल?" मध्ये एकदा तात्यांचा वाढदिवस झाला. तेव्हा सगळे पलंगाभोवती जमले, चिरंजीवांनी खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला आणि हात उचलला गेला.

अधिकाऱ्याने अहवाल लिहिला. विचारपूस, दारातून. उत्तराची प्रतीक्षा, आढळली नाही. चालण्यास साहाय्य, तोंडी. स्पर्श, छायाचित्रापुरता. शेवटी त्याने असाही शेरा मारला, की कुटुंब अत्यंत प्रेमळ असून प्रमाण म्हणून आदर्श आहे. हा शेरा ऐकून चिरंजीवांनी अहवालाला सर्वांत वरचे गुण दिले.

यानंतर मावश्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. एका शाळेच्या दालनात त्या सगळ्या लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या, आणि संचालिकाबाईंनी त्यांना आपल्या माणसाचे प्रमाण शिकवले.

"दारात उभं राहायचं. एक पाय बाहेर. ‘बरं आहे ना?’ म्हणायचं आणि निघायचं."

"आणि ते नाही म्हणाले तर?" एकीने विचारले.

"ते ऐकायला तुम्ही तिथे असणारच नाही. थांबलात की ऐकलंत, आणि ऐकलंत की जबाबदारी आली."

"म्हणजे बाई, आतापर्यंत आम्ही चुकीचं करत होतो का?" दुसरी म्हणाली. "मग पगार का देत होता?"

संचालिकाबाईंनी या प्रश्नावर ‘बरं आहे ना?’ असे विचारले आणि त्या पुढच्या बाकाकडे गेल्या.

तात्यांच्या मावशीला दारात उभे राहणे जमले, एक पाय बाहेर ठेवणेही जमले, पण परीक्षेतला म्हातारा खुर्चीतून उठू लागला की तिचा हात आपसूक पुढे जाई. जन्माची खोड, जाता जाईना. शेवटी तिला सांगितले, दोन्ही हातांत काहीतरी धरून ठेव. तिने मोबाईल धरला. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिला विशेष प्रावीण्याचे प्रमाणपत्र दिले.

आता तात्यांची चालायची वेळ झाली की मावशी दारात येऊन उभी राही. "चालायला पाहिजे हं तात्या. असं बसून कसं चालेल?"

"अगं, मग हात दे ना."

"हात प्रमाणात नाही."

"कोणाच्या प्रमाणात?"

"तुमच्याच घरचं प्रमाण आहे, तात्या. मला काय विचारता? माझी नोकरी जाईल. मला तर उलट बसायचे पैसे मिळतात." असे म्हणून ती टीव्हीकडे बघत राही, पण मालिकेत आज काय झाले हे तिलाही सांगता येत नसे.

"बरं, हात नको देऊस," तात्या एकदा म्हणाले. "पण निदान माझ्या मुलाच्या आवाजात तरी बोलू नकोस."

तात्या एकटे उठून पाहत, पलंगाचा कठडा धरून पाऊल टाकत आणि पुन्हा बसत. जिन्याचे वळण मागे गेले, मग दार मागे गेले, आणि काही आठवड्यांत दिवाणखानाही परमुलखात गेला. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. तो वाकेना. "हे असंच चाललं तर एका महिन्यात कायमची चाकाची खुर्ची. मग मला बोलावू नका," असे बजावून डॉक्टर निघून गेले. खाली पोस्टमास्तर रोज येत, बाकाची एक बाजू रिकामी ठेवून बसत आणि अंधार पडला की उठून जात.

चार्जर विसरला म्हणून चिरंजीव एकदा भर दुपारी घरी आले. बोळकंडीतून त्यांना मावशी पाठमोरी दिसली. एक पाय खोलीबाहेर, अंगठा मोबाईलवर, मान अर्धवट वळलेली. "चालायला पाहिजे हं तात्या," ती म्हणत होती. चिरंजीवांना हा आवाज, हे उभे राहणे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. कुठे ते काही आठवेना. तळपायाची आग मात्र मस्तकाला गेली. चार्जर न घेताच ते संस्थेच्या कचेरीत गेले.

तिथे जोखीम अधिकारीही स्टुलावर बसलेला होता.

"ही काय काळजी म्हणायची?" चिरंजीव कडाडले. "म्हातारा माणूस हात पुढे करतोय आणि ती बाई दारात उभी राहून उपदेश करतेय? दगड आहे की माणूस? याचे पैसे मोजतो आम्ही?"

"साहेब, हे तुमच्याच घराचं प्रमाण आहे," संचालिकाबाई अदबीने म्हणाल्या. "एक शब्दही इकडचा तिकडे नाही."

"आमची गोष्ट वेगळी! आम्ही घरचे आहोत. आमचं दारातून चालतं. आमचं प्रेम आतून असतं!"

"आतल्या प्रेमाची पाहणी करता येत नाही," अधिकारी म्हणाला. "म्हणून त्याचा विमाही होत नाही."

"मग आपल्या माणसासारखी नको, परक्या माणसासारखी काळजी द्या."

"तो प्रकार आमच्याकडे आहे. पण त्याचा हप्ता फार मोठा. परका माणूस पैसे घेतो, त्यामुळे काम करतो. काम केलं की जोखीम आलीच."

चिरंजीव मटकन खाली बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि बापाचा न वाकणारा गुडघा त्यांना खरोखरच दिसत होता. "यावर काहीच उपाय नाही का हो?" त्यांनी विचारले, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत ते थांबले.

उपाय होता. कुटुंबाने अर्ज केल्यास त्याच्या घरापुरती प्रमाणाची फेरपाहणी करता येत होती. एक आठवडा घरच्यांनी तात्यांना चालवले आणि अधिकाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिले, तर चालवणे प्रमाणात बसणार होते. मग मावशीला चालवायला मोकळीक. पुढे घरच्यांनी काही केले नाही तरी चालेल, हे अधिकाऱ्याने दोनदा स्पष्ट केले. चिरंजीवांनी ताबडतोब रजा टाकली.

"तू घरी कसा?" तात्यांनी घाबरून विचारले. "कोण गेलं?"

"कोणी नाही. तुम्हाला चालवायला रजा काढली."

तात्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग अधिकारी स्टूल घेऊन आत आलेला दिसला आणि त्यांना उलगडा झाला.

पहिला दिवस चपला शोधण्यात गेला. तात्यांच्या चपला कुठे असतात हे घरात कोणालाच माहीत नव्हते, कारण त्या कोणी मागितल्याच नव्हत्या. चिरंजीवांनी बापाचे कोपर पकडले.

"हा नव्हे. दुखरा पाय तो आहे," तात्या म्हणाले.

"डावा ना?"

"उजवा. वर्ष झालं त्याला."

चिरंजीव बाजू बदलून आले. सूनबाई ताट घेऊन आल्या आणि पाहणी सुरू असल्यामुळे जेवण होईपर्यंत समोर बसल्या. तेव्हा त्यांना दिसले की तात्यांची कवळी कधीची सैल झाली आहे आणि अर्धे जेवण ते बोटांनी कुस्करून गिळत आहेत. "अहो, सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या. तात्या म्हणाले, "सांगणारच होतो." सूनबाई त्याच संध्याकाळी त्यांच्यासाठी दंतवैद्याची वेळ घेऊन आल्या.

आठवडाभर बाप-लेक चालले. मागून अधिकारी, काखेत स्टूल, एका पायरीवर टेकून नोंद करी आणि पुढच्या पायरीवर जाई. गुडघा हळूहळू वाकू लागला. जिन्यावर दम घेताना तात्या मुलाला धावत्या बसमध्ये न धरता उभे राहण्याची विद्या सांगू लागले. "गुडघे सैल ठेवायचे. ताठ माणूस आधी पडतो. आणि पडायचंच असेल ना, तर सैल पडायचं. मी नोकरीत असंख्य वेळा पडलो, एकदा खरचटलंही नाही. न्हाणीघरात तेवढा ताठ होतो."

"हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू दारात असायचास रे."

कोपरावरचा हात जरा खाली सरकवून चिरंजीवांनी बापाचा पंजाच हातात घेतला. अधिकाऱ्याने तेही लिहून घेतले.

शेवटच्या दिवशी ते तळाला पोचले. पोस्टमास्तर बाकावर होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अरे! मला तर कोणी सांगितलं, तू वर गेलास म्हणून."

"वरच होतो," तात्या म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर."

दोघे म्हातारे लहान पोरांसारखे हसले आणि मग बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसले. चिरंजीव बाजूला उभे होते, आणि त्यांचा मोबाईल खिशात वाजत असूनही त्यांनी तो काढला नाही. पाहणी सुरू होती हे खरे, पण त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते पाहणीसाठी नव्हते.

प्रमाण मंजूर झाले. मावशी कामावर आली, तिने मोबाईल पिशवीत टाकला आणि कोपर पकडून ओरडली, "पुढे चला, पुढे चला!" तात्या रोज खाली जाऊ लागले. चिरंजीव कामावर रुजू झाले. रजेत साचलेले काम पाहून त्यांची झोप उडाली, आणि सगळे मार्गी लागले आहे अशी खात्री असल्यामुळे ते पुन्हा सकाळी दारातून "काय तात्या, बरं आहे ना?" म्हणून जिना उतरू लागले. आता तर तात्यांना खरोखरच बरे होते, तेव्हा उत्तराला थांबण्याचे काही कारणच उरले नव्हते.

एका दुपारी तात्यांनी मावशीकडून जोखीम अधिकाऱ्याला फोन लावून घेतला.

"साहेब, पुढची पाहणी कधी?"

"प्रमाण मंजूर झालं की वर्षभर पाहणी नाही, आजोबा. का, काही तक्रार?"

"छे, छे. मावशीचा हात उत्तम आहे." तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मध्येच करायची म्हटली तर?"

"मध्ये फक्त घटना घडली तर. घरच्यांच्या हजेरीत आठवडाभर."

"घटना म्हणजे?"

"म्हणजे पडणं हो."

"एवढंच ना?" तात्या म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, मावशी चहा टाकायला गेली असताना, गुडघे सैल ठेवून, पलंगाशेजारच्या जाड सतरंजीवर, तात्या पडले. कुठेही खरचटले नाही. चिरंजीव धावत आले, रजा टाकली, अधिकारी स्टूल घेऊन आला, आणि आठवडाभर मुलाच्या हातात हात देऊन तात्या बाकावर जाऊन आले. रात्री सूनबाई समोर बसून जेवण वाढत होत्या. तात्यांनी दोन घास जास्त खाल्ले.

ही गोष्ट त्यांनी बाकावर पोस्टमास्तरांना सांगितली. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर निरोप पोचवण्याचेच काम केले होते. महिनाभरात शहरात म्हाताऱ्यांच्या पडण्याची साथ आली. आजोबा गाद्यांवर पडत होते, आज्या उशांवर पडत होत्या, एक निवृत्त न्यायाधीश तर पलंगावरून उतरून, खाली रजई अंथरून, पुन्हा वर चढून मग पडले. जिथे मावशी होती तिथे पाहणी होती, आणि पाहणी होती तिथे मुलेबाळे पलंगाशी बसलेली होती. घराघरांतून प्रमाण भराभर वाढू लागले. प्रमाण वाढले तसा हप्ता वाढला, आणि संचालिकाबाईंना सर्व कुटुंबांना कळवावे लागले, की कृपया पाहणीच्या काळात आपल्या माणसांवर गरजेपेक्षा जास्त प्रेम करू नये, संस्थेला ते परवडत नाही.

शेवटी विमा कंपनीने हात आखडला. नवे कलम आले: इजा न झालेले पडणे हे पडणे समजले जाणार नाही. साथ एका रात्रीत ओसरली. मुले कामावर गेली, संचालिकाबाईंनी पुन्हा एकदा आइस्क्रीम मागवले, आणि जोखीम अधिकाऱ्याला बढती मिळून त्याच्या स्टुलाला पाठ आली. पुढे काही म्हाताऱ्यांनी गुडघे सैल ठेवणे सोडून दिले आहे, अशा तुरळक बातम्या येतात. पण त्या घटना कलमात व्यवस्थित बसतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही.

तात्या हल्ली खाली जाताना सर्वांत वरच्या पायरीवर जरा जास्त वेळ थांबतात आणि जिन्याकडे बघत राहतात. मावशी त्या वेळी ओरडत नाही. ती त्यांचे कोपर घट्ट धरून ठेवते, प्रमाणापेक्षा अंमळ जास्तच घट्ट, आणि तेवढ्या जास्तीच्या घट्टपणाचा विमा नाही हे तिला पक्के माहीत आहे.

तुमच्या घरी यातले काही नाही, याची आम्हाला कल्पना आहे. तुम्ही चांगली माणसे आहात. नमुन्याला घ्यावीत अशी. आत्ता वाचता वाचता आतल्या खोलीतून काहीतरी पडल्यासारखा आवाज आला, ते बहुतेक भांडे असेल. उठू नका. इथूनच विचारा, "लागलं नाही ना?" आणि पान उलटा.